नारिंग, पोर्ताकाल, संत्रा... तुमच्याकडे या फळाला काय म्हणतात?

काटोलचा_बागवान

राम राम मंडळी. गाव काटोल तालुक्यात, घरी संत्र्याची बाग, मी मात्र गेली सहा वर्षं नोकरीपायी हॅम्बुर्गला. परवा आमच्या गल्लीतल्या तुर्की भाजीवाल्याकडे गेलो तर क्रेटवर पाटी, 'पोर्ताकाल'. म्हटलं काय भाऊ, पोर्तुगालहून माल आला का, तर तो म्हणे नाही, माल स्पेनचा, आमच्या भाषेत फळाचंच नाव ते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी त्याच फळाला आप्फेलझीने म्हणतात आणि ऑफिसातली पोरं ओरांझे म्हणतात. म्हणजे एका रस्त्यावर एका फळाची तीन नावं आणि माझ्या तोंडात चौथं. त्या दिवसापासून हा शब्द काही डोक्यातून जात नाही, पंधरा दिवस जे मिळेल ते वाचतोय, ते इथे मांडतो, तुम्ही भर घाला.

आधी ऑरेंज. हा शब्द आपल्याकडून गेलाय हे बऱ्याच जणांना माहीत असेल. संस्कृतात नारंग, तोही बहुतेक दक्षिणेतून आलेला, द्राविडी भाषांतून. तिथून फारसीत नारंग, अरबीत नारंज (अरबीत ग नाही म्हणून ज झाला). अरबांनी हे झाड भूमध्य समुद्राच्या काठाने सिसिलीत आणि स्पेनमध्ये नेलं, त्यामुळे स्पॅनिशमध्ये नारांखा, पोर्तुगीजमध्ये लारांजा, हंगेरियनमध्ये नारांच. इटालियनमध्ये सुरुवातीचा न गळून आरांचा झालं, फ्रेंचमध्ये ओरांझ, आणि तिथून इंग्रजीत ऑरेंज.

पण मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. अरबांनी नेलेलं ते फळ आपण आज खातो ते नव्हतंच! ते आंबट-कडू होतं, झाड शोभेला, फुलं अत्तराला, रस जेवणात पिळायला. गोड फळ युरोपात चांगलं रुजलं ते पंधराव्या-सोळाव्या शतकात, आणि ते पसरवण्यात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. मग ज्या लोकांकडे कडू फळाला आधीच नाव होतं त्यांनी गोड फळाला दुसरं नाव दिलं, ज्याने आणलं त्याचंच. ग्रीकमध्ये आजही दोन शब्द आहेत, कडू ते नेरांत्झी आणि गोड ते पोर्तोकाली. तुर्की पोर्ताकाल, अरबी बुर्तुकाल, रोमानियन पोर्तोकाला, सगळं पोर्तुगालच. आणि खुद्द पोर्तुगालमध्ये मात्र लारांजा, म्हणजे आपलं नारंग.

उत्तरेकडच्या लोकांनी आणखी मागचं गाव पकडलं. आमच्या आजींचं आप्फेलझीने म्हणजे चीनचं सफरचंद. डच सिनासआपल तेच, स्वीडिश आणि रशियन आपेल्सीनही तिकडूनच गेलेलं.

आता माझा प्रश्न. आपल्या मराठीत नारिंग शब्द होता ना? मग गेला कुठे? आमच्या घरी कोणीच म्हणत नाही. आम्ही 'संत्रा'. एक संत्रा, दोन संत्रे. आणि हा संत्रा आला कुठून? तुमच्या गावात काय म्हणतात तेही लिहा.

शब्दवेडी

काय सुंदर धागा! मी आधी पुण्याची नोंद करते. आमच्याकडे 'ते संत्रं', अनेकवचन 'संत्री'. नागपूरच्या मैत्रिणीने पहिल्यांदा "दोन संत्रे दे" म्हटलं तेव्हा मला ते चुकीचं वाटलं होतं, नंतर कळलं की तिकडे शब्द पुल्लिंगीच आहे आणि ज्यांच्या दारात झाड आहे त्यांच्या शब्दाचं लिंग आपण का सुधारायचं.

संस्कृतबद्दल थोडी भर. अमरकोशात नागरंग असं रूप आहे, त्याच ओळीत ऐरावत हा पर्याय आहे. नारंग आणि नागरंग दोन्ही चालायचे. ज्यांनी फळाचं नाव बाहेरून ऐकलं त्यांनी त्यात आपल्या ओळखीचे शब्द, नाग आणि रंग, बसवले असावेत असं मला वाटतं, कारण द्राविडी भाषांमध्ये सरळ नार पासून सुरू होणारे शब्द आहेत, तिथे ना नाग ना रंग. अशी गोष्ट भाषेत सतत घडते. हिंदीत मोसंबीचं मौसमी करून टाकलं तसंच, मौसमाशी काही संबंध नसताना.

विदर्भवासी_७२

नागरंग वरून नागपूर नाही ना? आमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं की नागपूरचं नावच संत्र्यावरून पडलं म्हणून.

काटोलचा_बागवान

नाही हो भाऊ. नागपूर हे नाग नदीवरून. आणि नागपुरात संत्रा त्यामानाने नवा आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी रघुजी भोसले दुसरे यांनी औरंगाबादेहून रोपं आणून आपल्या बागेत लावली, असं सांगतात. तिथून मग काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी असा पसरत गेला. अमरकोश त्याच्या हजार-बाराशे वर्षं आधीचा. नागपुरी संत्र्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेही २०१४ साली. तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका, कृपा करून.

चेन्नईकर_मावशी

लग्न होऊन तीस वर्षं चेन्नईला आहे म्हणून लिहिते. इथे नारत्तंगाय म्हणून एक मोठं, खडबडीत सालीचं, आंबट-कडू फळ मिळतं. ते गोल गोल फिरवत एका लांब पट्टीसारखं कापतात, मीठ भरतात आणि कडक उन्हात वाळवतात, काळपट होईपर्यंत, मग ते वर्षानुवर्षं टिकतं. ताप आला, तोंडाची चव गेली की दहीभाताबरोबर एक तुकडा. माझ्या सासूबाई पोट बिघडलं की हेच देत. मला लग्नानंतर पहिल्यांदा ते अजिबात आवडलं नव्हतं आणि आता त्याच्याशिवाय दहीभात जात नाही. आज तुमचा धागा वाचेपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलंच नाही की बरणीतलं हे नारत्तंगाय आणि ऑरेंज हे एका घरातले.

शेजारच्या मल्याळी बाई नारंगा म्हणतात पण लिंबाला! त्यांच्या नारंगा वेळ्ळम म्हणजे लिंबाचं सरबत. तेलुगूत नारिंज म्हणतात संत्र्याला. गोड-आंबट-कडू, लहान-मोठं, ज्याला जे जवळ होतं त्याला ते नाव.

काटोलचा_बागवान

मावशी, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे ज्या फळाला हा शब्द मुळात होता ते कदाचित तुमच्या बरणीतल्या फळासारखंच आंबट-कडू असेल, आणि अरबांनी नेलं तेही तसलंच. गोडवा नंतर आला. त्या वाळवणाची रीत सविस्तर लिहाल का, आईला पाठवतो.

मस्कतवासी

इथे बाजारात बुर्तुकाल. माझ्याबरोबर एक इराणी गृहस्थ काम करतात, त्यांना आजच विचारलं. त्यांच्याकडे तीन शब्द: नारेंज म्हणजे कडू, जे ते माशावर पिळतात, पोर्तेगाल म्हणजे गोड मोठं, आणि नारेंगी म्हणजे सुट्ट्या सालीचं छोटं, म्हणजे आपलं नागपुरी संत्रं ज्या जातीचं ते. मी म्हटलं आमच्याकडे नारिंगी रंगाला म्हणतात, तर ते म्हणाले आमच्याकडेही रंग नारंजी. इथिओपियाचा एक ड्रायव्हर बाजूला होता, तो म्हणाला आमच्याकडे बिर्तुकान, आणि मुलींची नावंसुद्धा बिर्तुकान ठेवतात. पोर्तुगाल हा देश एका इथिओपियन मुलीच्या नावात जाऊन बसला, ती बिचारी तिकडे कधी गेली नसेल.

बेळगावी_कुंदा

कानडीत कित्तळे. नारंगाशी काही नातं दिसत नाही, पण घरात आम्ही मराठीच बोलतो आणि संत्रंच म्हणतो. कोडगूची कित्तळे बारीक असते पण वास असा की सोलली की खोली भरते.

अभियंता_ठाणे

इंग्रजीबद्दल एक. ते 'अ नॉरेंज' चं 'अन ऑरेंज' झालं, असं शाळेत सरांनी सांगितलं होतं. ते बरोबर ना?

शब्दवेडी

गोष्ट छान आहे पण जागा चुकीची आहे. तो न इंग्लंडला पोचण्याच्या आधीच गळला होता, इटलीत आणि फ्रान्समध्ये. तिकडे 'एक' या अर्थाचा शब्दच उना किंवा उन असा न वर संपतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला दोन न मधला एक आधीच्या शब्दाचा वाटला. इंग्रजीत हे खरोखर झालं ते एप्रनच्या बाबतीत, आधी नॅप्रन होतं. आणि फ्रेंचमध्ये सुरुवातीला आ ऐवजी ओ आला त्याला सोनं या अर्थाचा त्यांचा 'ओर' शब्द कारणीभूत असावा असं मानतात, सोन्यासारखं फळ म्हणून. शिवाय दक्षिण फ्रान्समध्ये ओरांझ नावाचं गाव आहे, पण त्याचं नाव फळावरून नाही, ते रोमन काळातल्या आरौसिओ वरून आलंय. योगायोगाने दोन्ही शब्द घासून घासून सारखे झाले. त्या गावाची जहागिरी डच राजघराण्याकडे गेली, म्हणून ते ऑरेंज घराणं, आणि मग त्यांनी रंगही तोच धरला. म्हणजे डच फुटबॉल टीमचा तो नारिंगी शर्ट एका शब्दाच्या योगायोगातून आलाय. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीचं नावही त्या घराण्यावरून, फळावरून नाही.

जालन्याची_पोर

सगळे संत्र्यावर बोलताय, मोसंबीला कोणी विचारेना! आमच्या जालन्याच्या मोसंबीलाही जीआय आहे बरं का. आणि तिचं नाव मोझांबिकवरून, हे तर पक्कं. पूर्व आफ्रिकेतली पोर्तुगीजांची वसाहत. पण खरी गंमत पुढे आहे, मी कृषी पदवीधर आहे म्हणून सांगते. वनस्पतिशास्त्रात युरोपातलं गोड 'ऑरेंज' आणि आपली मोसंबी ही एकाच जातीत धरतात, घट्ट सालीची. नागपुरी संत्रा वेगळा, तो मँडरिन, सैल सालीचा. म्हणजे दादा, तुम्ही त्या तुर्की दुकानातून जे आणलं ते तुमच्या संत्र्यापेक्षा माझ्या मोसंबीचं सख्खं भावंड आहे. गोड ऑरेंज मुळात पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून झालेलं फळ आहे.

आपण शाळेत 'ओ फॉर ऑरेंज' म्हणून पुस्तकात चित्र बघतो आणि संत्रं म्हणतो, ते चित्र खरं तर रंगवलेल्या मोसंबीचं असतं.

काटोलचा_बागवान

ताई, हे ऐकून बाबा दोन दिवस जेवणार नाहीत 🙂 पण पटलं. सोलायला गेलं की कळतंच, इथलं फळ चाकूशिवाय उघडत नाही आणि आपला संत्रा अंगठा लावला की साल हातात.

मँडरिनवरून आणखी एक. हा शब्द पोर्तुगीज मांदारीम वरून आला, म्हणजे चिनी दरबारातला अधिकारी. पोर्तुगीजांनी तो मलय भाषेतल्या मंतेरी वरून घेतला, आणि मंतेरी म्हणजे आपला मंत्री! संस्कृत मंत्री मलयात गेला, तिथून पोर्तुगीजांच्या तोंडात, तिथून चीनच्या अधिकाऱ्याला लागला, मग फळाला. म्हणजे युरोपातल्या दुकानात आमच्या संत्र्याच्या भाऊबंदावर जी पाटी लागते तीसुद्धा इकडचीच. मी त्या दिवशी दुकानात उभा राहून दोन्ही पाट्या बघत होतो, ओरांझे आणि मांदारीने, एक नारंग आणि एक मंत्री, आणि खरं सांगतो, घरची फार आठवण आली.

उत्तराखंडी_मराठी

डेहराडूनला बदली होऊन आलोय. इकडे डोंगरात माल्टा मिळतो, माल्टा बेटाच्या नावाचा. पंजाबात किन्नू. किन्नू तर कॅलिफोर्नियात तयार झालेली जात आहे, किंग आणि विलो लीफ या दोन जातींचा संकर, दोघांच्या नावांचे तुकडे जोडून किन्नो. १९३५ साली ती बाहेर आली. इथल्या भाजीवाल्याला वाटतं अस्सल पंजाबी शब्द आहे.

नेपाळी कामगार सुन्तला म्हणतात. आणि बंगाली शेजारी कमला लेबू.

शब्दवेडी

सुन्तला! मग आता संत्र्याकडे येऊ या. एक जुनी समजूत अशी की संत्रा हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला, लिस्बनजवळचं गाव. मोसंबी मोझांबिकवरून आली म्हटल्यावर हे लगेच पटतं, पण मला पटत नाही. कारण बाबर. बाबरनाम्यात हिंदुस्थानातल्या फळांची यादी आहे त्यात संगतरा हे नाव आहे. बाबर वारला १५३० साली. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, गोवा घेतलं १५१० साली. पश्चिम किनाऱ्यावर आलेलं नाव वीस-तीस वर्षांत आग्र्यापर्यंत जाऊन इतकं रुळतं की काबूलहून आलेला माणूस ते इथल्या फळाचं नाव म्हणून लिहितो, हे मला कठीण वाटतं. शिवाय नेपाळ, आणि मेघालयात खासी लोक सोह-न्यामत्रा म्हणतात (सोह म्हणजे फळ), तेही ऐकायला जवळचं. हा शब्द डोंगराच्या पायथ्याच्या पट्ट्यात जुना आहे असं मला वाटतं, आणि झाडंही तिथलीच.

मेघालय_ट्रेकर

मेघालयाचं नाव निघालं म्हणून. गारो टेकड्यांत नोकरेक म्हणून जंगल आहे, तिथे लिंबूवर्गीय झाडांसाठी खास राखीव भाग ठेवलाय. तिथे एक रानटी संत्रं आहे, गारो लोक त्याला मेमांग नारांग म्हणतात. मेमांग म्हणजे भूत, मेलेल्याचा आत्मा. अंत्यविधीत वापरतात म्हणून भुताचं नारिंग. मी फळ पाहिलं, लहान, लालसर, अगदी आंबट. नारांग हा शब्द गारो भाषेतही आहे हे तेव्हा लक्षातच आलं नव्हतं, आज धागा वाचताना ट्यूब पेटली.

फोंड्याची_माटोळी

गोव्यातून. चवथीला गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळांची-पानांची टांगती सजावट, बांधतो त्यात तोरिंग असतं, मोठं पपनसासारखं. मस्कतवाल्या दादांना विचारायचं होतं, इराणी लोकांत तुरुंज असा शब्द आहे का?

मस्कतवासी

आहे! विचारलं. तोरंज म्हणजे महाळुंग, जाड सालीचं.

काटोलचा_बागवान

आणि तुर्कीत तुरुंच म्हणजे कडू संत्रं. बघा, हा दुसरा धागा लागला हाताला. महाळुंग म्हणजे संस्कृत मातुलुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच फळ. तुर्की भाजीवाल्याला आज परत गाठलं आणि विचारलं की तुमच्याकडे या रंगाला काय म्हणता, तर तो म्हणाला तुरुंजू. मी विचारलं, पोर्ताकाल का नाही? म्हणे पोर्ताकाल फळ, तुरुंजू रंग.

आणि मला माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच, दुकानात मिळालं. मराठीतही हेच झालंय! फळ संत्रं, रंग नारिंगी. गोड फळ नवं नाव घेऊन आलं आणि जुनं नाव फळावरून उठून रंगावर जाऊन बसलं. तुर्की माणसाने आणि मराठी माणसाने एकमेकांना न विचारता एकच गोष्ट केली. आपल्याकडे भगवा आहे, केशरी आहे, शेंदरी आहे, प्रत्येकाची छटा वेगळी, तरी नारिंगी टिकला.

दापोलीकर

दादा, एवढ्यात नारिंगाला मारू नका. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून नारिंगच म्हणतात. आजोळच्या विहिरीजवळ झाड होतं, पातळ सालीचं, आंबट, आजी त्याचा रस माशाला लावायची, लिंबू नसलं की. झाड गेलं चक्रीवादळात, निसर्गच्या वेळी, २०२० साली. आजी अजूनही संत्र्याच्या पेटीला नारिंगाची पेटी म्हणते.

काटोलचा_बागवान

दापोलीकर, माशाला नारिंग! मस्कतच्या इराणी काकांना नक्की सांगा कोणीतरी. आजींचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, खरंच सांगतो.

काल रात्री बाबांना फोन केला, हे सगळं वाचून दाखवलं. मोसंबीचं ऐकून ते हसले, रागावले नाहीत. मग म्हणाले, तू नारिंग शोधतो जगभर, पण आपल्या बागेत झाडाच्या खाली काय आहे ते विसरला. संत्र्याचं झाड बीपासून लावत नाहीत, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. जंबेरी म्हणजे जंबीर, तोही जुना संस्कृत शब्द, आंबट खडबडीत लिंबू. बाबा म्हणाले, धुऱ्याजवळचं एक झाड मागच्या उन्हाळ्यात वरून वाळलं, संत्रा गेला, पण खालून जंबेरीचा खुंट फुटला आणि यंदा त्याला फळं लागलीत, कडक आंबट. गडी उपटायला निघाला होता, आईने थांबवलं, लोणच्याला ठेव म्हणाली.

मावशी, ती नारत्तंगायची रीत तेवढी लवकर टाका. आई वाट बघतेय.

चेन्नईकर_मावशी

लिहिते. फळ धुऊन पूर्ण कोरडं करायचं, पाण्याचा थेंब राहता कामा नये. देठाकडून सुरी लावून गोल फिरवत कापायचं पण तुकडे पाडायचे नाहीत, स्प्रिंगसारखं एकसंध राहिलं पाहिजे. आत जाडं मीठ दाबून भरायचं आणि चिनी मातीच्या बरणीत तीन-चार दिवस ठेवायचं, रोज हलवायचं. मग पाणी सुटतं. दिवसा फळं उन्हात, रात्री परत त्याच पाण्यात, पाणी संपेपर्यंत. हळद, तिखट काही नाही, फक्त मीठ. जंबेरीचं करून बघायला हरकत नाही, साल जाड असेल तर मीठ थोडं जास्त लागेल. काटोलला मे महिन्याचं ऊन असेल तर आठवड्यात होईल.